किल्ल्याबाहेरची पेठ : मॉस्कोचे किताय-गोरद

मॉस्को म्हटले की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे ताबडतोब उभी राहतात. एक क्रेमलिनच्या तांबड्या तटाचे आणि दुसरे कांद्याच्या आकाराच्या रंगीबेरंगी घुमटांचे. या चित्रांचे श्रेय पुष्कळसे 'सोव्हिएत देश'सारख्या नियतकालिकांना दिले पाहिजे. त्यांची गुळगुळीत पाने एके काळी मराठवाड्यातील खेड्यापाड्यांपर्यंत येत असत. ती वाचली किती जात हा प्रश्न निराळा. पण शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालण्यासाठी तसा टिकाऊ कागद दुसरा मिळत नसे, आणि त्यामुळे कित्येक मुलांचे इतिहास-भूगोल वर्षभर मॉस्कोच्या वेष्टनात राहात.

प्रस्तुत लेख मात्र क्रेमलिनविषयी नाही. क्रेमलिन हा किल्ला होय. तेथे राजा राहिला, राज्याभिषेक झाले, तोफा ठेवल्या गेल्या. किल्ल्याला लागून पूर्वेच्या अंगाला जी व्यापारी पेठ वसली, जिच्यात वाणी, कारागीर, छापखानेवाले, परदेशी वखारवाले आणि विद्यार्थी यांची वर्दळ होती, त्या पेठेचे नाव किताय-गोरद. आपल्या भागातील विद्यार्थ्याला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. परंड्याला किल्ला आहे आणि किल्ल्याला लागून गाव आहे, नळदुर्गलाही तेच. राज्यकर्त्याचा तट एकीकडे व बाजाराची पेठ दुसरीकडे, ही जगातील बहुतेक जुन्या शहरांची ठेवण आहे. प्रवासी किल्ला पाहून परततो. पेठ पाहावयाची राहून जाते, आणि माझ्या मते शहर खरे समजते ते पेठेतच.

आता नावाविषयी. आजच्या रशियन भाषेत 'किताय' म्हणजे चीन, म्हणून पुष्कळांना हा चिनी लोकांचा मोहल्ला असावा असे वाटते. तसे काही नाही. 'किता' म्हणजे काटक्यांची अगर वाशांची मोळी, अशा मोळ्या बांधून त्यांत माती भरून पूर्वी येथे बांध घातला होता, त्यावरून हे नाव पडले असावे असे एक मत आहे. दुसरीही मते आहेत आणि वाद मिटलेला नाही. 'गोरद' या शब्दाचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. तेव्हा चीनचा विचार सोडून द्यावा आणि काटेरी कुंपणाने राखलेले एखादे आपले जुने गावठाण डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे अर्थ जवळ येतो.

या पेठेची व आपल्या दख्खनची ओळख फार जुनी आहे. त्वेर नावाच्या रशियन शहरातील अफानासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात, सन १४७० च्या आगेमागे, चौलच्या बंदरात उतरला. बरोबर विकण्यासाठी एक घोडा आणला होता. घाट चढून तो जुन्नरला आला. तेथील सुभेदाराने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे सांगितले. एका खुरासानी व्यापाऱ्याच्या मध्यस्थीने तो प्रसंग टळला. पावसाळा जुन्नरला काढून निकितिन बिदरला गेला. त्या वेळी बहामनी राज्याची सूत्रे महमूद गावानच्या हाती होती. आपल्या परंड्याचा किल्ला परंपरेने ज्याच्या नावावर सांगतात तोच हा महमूद गावान. निकितिनने त्याच्याविषयी लिहिले आहे, सुलतानाच्या मिरवणुकीतील हत्तींविषयीही लिहिले आहे. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्यापूर्वीच, तो वारला. त्याच्या टिपणांच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस आणल्या आणि १४७५ साली त्या तेथील राजाच्या कारभाऱ्याकडे पोहोचल्या. पुढे त्या बखरीत उतरवून घेतल्या गेल्या म्हणून वाचल्या. रेवदंड्यास निकितिनच्या स्मरणार्थ स्तंभ उभारलेला आहे, आणि १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'परदेसी' हा भारत व रशिया यांचा संयुक्त चित्रपट त्याच्यावरच काढला.

येथे एक कालक्रम ध्यानात घ्यावा. निकितिनच्या वह्या मॉस्कोला आल्या तेव्हा आज आपण चित्रात पाहतो तो क्रेमलिनचा विटांचा तट उभाच नव्हता. तो १४८५ ते १४९५ या काळात बांधला गेला, आणि बांधणारे कारागीर इटलीहून बोलावलेले होते. पेठेभोवतीचा तट त्यानंतर चाळीस वर्षांनी, १५३५ ते १५३८ मध्ये, पेत्रोक माली नावाच्या इटालियन स्थपतीनेच बांधला. लांबी सुमारे अडीच किलोमीटर. क्रेमलिनच्या तटापेक्षा तो ठेंगणा परंतु अधिक जाड होता, कारण तोवर तोफांचे युग आले होते आणि उंच भिंतीपेक्षा रुंद भिंत अधिक उपयोगी हे लढणाऱ्यांना कळून चुकले होते. हीच गोष्ट नळदुर्गच्या बुरुजांवर उभे राहून समजावून घेता येते.

हा अडीच किलोमीटरचा तट आज पाहावयास गेल्यास दिसत नाही. १९३४ च्या सुमारास वाहतुकीस अडथळा होतो म्हणून तो जवळजवळ सगळा पाडण्यात आला. दोन-तीन ठिकाणी तुकडे उरले आहेत, त्यांतील काही भाग नव्याने बांधलेला आहे. म्हणजे ज्या कुंपणावरून पेठेला नाव मिळाले ते कुंपण गेले आणि नाव उरले. यासाठी किताय-गोरद पाहताना प्रत्येक इमारतीपुढे उभे राहून चार सन विचारावे लागतात : बांधली केव्हा, बदलली केव्हा, पाडली केव्हा आणि पुन्हा बांधली केव्हा. कित्येक इमारतींना पहिले दोनच सन असतात. काहींना चारही असतात, आणि तेथे प्रवाशाची फसगत होते.

नकाशा पुढे ठेवून आपण आता ही फेरी करू. सुरुवात लाल चौकातून. 'क्रास्नाया' या शब्दाचा आजचा अर्थ तांबडा, जुना अर्थ सुंदर. तेव्हा चौकाच्या नावाचा तांबड्या झेंड्याशी संबंध नाही, ते नाव क्रांतीच्या अडीचशे वर्षे आधीचे आहे. त्याहीपूर्वी या जागेला नुसते 'बाजार' म्हणत. क्रेमलिनच्या तटाला लागून येथे खोल खंदक होता. १८१२ च्या नेपोलियनच्या स्वारीनंतर तो बुजविला गेला. चौकात शिरण्याची जुनी वेस म्हणजे इबेरियन अथवा पुनरुत्थान दरवाजा. त्याचे सन पाहा : १५३५ मध्ये बांधला, १६८० मध्ये वर मनोरे चढविले, १९३१ मध्ये लष्करी संचलनाचे रणगाडे आत येताना अडतात म्हणून पाडला, १९९५ मध्ये पुन्हा उभा केला. आज त्याच्याखालून जाणाऱ्याला तो साडेतीनशे वर्षांचा वाटतो. वास्तविक तो वयाने या महाविद्यालयातील कित्येक प्राध्यापकांहून लहान आहे.

दरवाज्यातून आत येताच डाव्या हाताला कझान देवालय लागते. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते बांधले गेले. प्योत्र बारानोव्स्की नावाच्या जीर्णोद्धारतज्ज्ञाने १९२० नंतरच्या काळात त्याची दुरुस्ती हाती घेतली, वाढीव बांधकामे काढून मूळ रूप मोकळे केले, मापे घेतली. इतके झाल्यावर १९३६ साली ते पाडण्यात आले. जागेवर पुढे उपाहारगृह झाले, सार्वजनिक शौचालयही झाले. सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस ते पुन्हा बांधावयाचे ठरले तेव्हा बारानोव्स्कींची मापे उपयोगी पडली आणि १९९३ साली देवालय उभे राहिले. बारानोव्स्की १९८४ सालीच गेले होते. ज्या इमारतीचे पाडणे त्यांना थांबविता आले नाही, तिचे मोजमाप त्यांनी आधी कागदावर उतरवून ठेवले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हाताशी टेप आणि वही का असावी, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

चौकाच्या दक्षिण टोकाला ते कांद्याच्या घुमटांचे प्रसिद्ध देवालय. लोक त्याला संत वासिलीचे देवालय म्हणतात. कझानच्या विजयाप्रीत्यर्थ चौथ्या इव्हानने १५५५ ते १५६१ मध्ये ते बांधविले. त्याच्या अधिकृत नावात 'खंदकावरचे' असा शब्द आहे; खंदक बुजला, शब्द राहिला. घुमटांचा आजचा रंगीबेरंगी थाटही मूळचा नव्हे, तो नंतरच्या काळात चढला. असे दुसरे देवालय बांधू नये म्हणून राजाने स्थपतीचे डोळे काढले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. तिला पुरावा नाही. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा आपणही मोठ्या आवडीने सांगतोच. सुंदर वास्तू पाहून क्रूर गोष्ट रचावी अशी माणसाची काही तरी खोड दिसते. या देवालयासमोर मिनिन व पोझार्स्की यांचा १८१८ चा पुतळा आहे. पोलंडच्या सैन्याने मॉस्को व्यापले असता १६१२ साली निझ्नी नोवगोरोदचा मांसविक्रेता मिनिन याने लोकांकडून पैसा गोळा केला, सरदार पोझार्स्कीने सैन्य चालविले, आणि त्यांनी प्रथम किताय-गोरद घेतले, मग क्रेमलिन शरण आले. पेठ हाती आली की किल्ल्याचे दाणापाणी तुटते हे सांगावयास नकोच. हा पुतळा पूर्वी चौकाच्या मध्यभागी, बाजाराच्या समोर होता. तोही १९३१ साली संचलनाच्या सोयीसाठी बाजूला सरकविण्यात आला.

क्रेमलिनच्या समोरची संपूर्ण बाजू एका भव्य इमारतीने व्यापली आहे. तिला 'गुम' म्हणतात. येथे शतकानुशतके दुकानांच्या रांगा होत्या. १८१२ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात शिरले त्या संध्याकाळी आग लागली ती याच रांगांतून, आणि पुढे शहराचा मोठा भाग जळाला. आजची इमारत १८९० ते १८९३ मध्ये बांधली. लांबी सुमारे अडीचशे मीटर, आत तीन समांतर गल्ल्या, दोन्ही बाजूंना मजल्यावर मजले गाळे, आणि वर लोखंडी कमानींवर पेललेले काचेचे छत. छताची रचना व्लादिमीर शुखोव्ह या अभियंत्याची. बाहेर हिमवर्षाव चालू असताना आत उजेडात सौदा करता यावा, असा हा हिशेब आहे. आपल्याकडे लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांची तोंडे एका वर्तुळावर आणून बाजाराची सोय केली. तिकडे थंडीमुळे रस्तेच छताखाली घेतले. क्रांतीनंतर या इमारतीचे राष्ट्रीयीकरण झाले, मध्यंतरी दुकाने काढून कचेऱ्या बसविल्या, १९५३ मध्ये पुन्हा बाजार भरू लागला. धनी बदलले, इमारत वाचली. कचेरीला कचेरी म्हणून ती हवी होती, दुकानाला दुकान म्हणून.

चौकापासून पूर्वेकडे तीन रस्ते फुटतात : निकोल्स्काया, इलिन्का आणि वार्वार्का. पेठेचा सांगाडा म्हणजे हे तीन रस्ते. इलिन्का हा सावकारी व पेढ्यांचा रस्ता. बँका, सट्टाबाजार, व्यापाऱ्यांच्या उतरण्याच्या जागा असे त्याचे स्वरूप होते आणि इमारतींच्या जाड खांबांवरून ते अजून ओळखता येते. त्याविषयी अधिक लिहावे असे काही वाटत नाही. उरलेले दोन मात्र सावकाश पाहण्याजोगे आहेत.

निकोल्स्काया हा विद्येचा रस्ता. येथे राजाचा छापखाना होता. इव्हान फ्योदोरोव्हने आपल्या सोबत्यासह १५६४ साली मॉस्कोत 'अपोस्तोल' हा ग्रंथ छापला. नक्की तारीख असलेले ते रशियातील पहिले छापील पुस्तक. आपल्याकडे गोव्यात १५५६ साली छापखाना सुरू झाला, म्हणजे गोवा मॉस्कोच्या आठ वर्षे पुढे. ही गोष्ट मॉस्कोच्या वाचकाला सांगितली तर तो चकित होईल, आणि आपल्यालाही ती सहसा कोणी सांगत नाही. पण पुढचा फरकही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. फ्योदोरोव्हने खिळे पाडले ते लोकांच्या पूजापाठातल्या स्लाव्ह लिपीचे. गोव्याच्या छापखान्यात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते अस्सल मराठीत, परंतु रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे महाराष्ट्रातील वाचकाच्या हाती यावयास आणखी दोन शतके लागली. फ्योदोरोव्हला मॉस्को सोडून जावे लागले आणि तो परमुलखात वारला. त्याचा १९०९ साली उभारलेला पुतळा जुन्या छापखान्याजवळ, पेठेच्या कडेला आहे. रशियातील पहिले छापील वृत्तपत्र १७०३ साली याच छापखान्यातून निघाले. आजची दर्शनी इमारत एकोणिसाव्या शतकातील असून तीवर सिंह व एकशिंगी घोडा यांची शिल्पे आहेत. तेथे आता इतिहास व दफ्तरशास्त्र शिकविणारी संस्था आहे.

त्याच रस्त्यावर १६८७ मध्ये स्थापन झालेली स्लाव्ह-ग्रीक-लॅटिन अकादमी होती. उत्तरेकडील कोळ्याचा मुलगा मिखाईल लोमोनोसोव्ह १७३१ साली शिक्षणासाठी येथे आला. शेतकरी वर्गातील मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून त्याने आपले कुळ लपविले. विद्यार्थ्याला दिवसाला तीन कोपेक मिळत. त्यांतच भाकरी, त्यांतच कागद, त्यांतच जोडे. वर्गात आपल्याहून लहान मुलांत बसावे लागे आणि ती मुले त्याची थट्टा करीत. पुढे हाच माणूस रसायन, पदार्थविज्ञान, व्याकरण आणि काव्य या सगळ्यांत रशियाचा आद्य पुरुष ठरला. मॉस्कोचे विद्यापीठ त्याच्याच नावाने ओळखले जाते. आमच्या महाविद्यालयात लांबच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी जी मुले आहेत, त्यांनी हा पत्ता लक्षात ठेवावा.

वार्वार्का हा तिसरा रस्ता, नदीच्या बाजूचा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. त्यावर ओळीने लहान लहान देवळे आहेत, रोमानोव्ह घराण्याचा जुना वाडा आहे; आणि एका बाजूला खाली, पांढऱ्या भिंतींचे, लहान खिडक्यांचे, लाकडी तीव्र उताराच्या छपराचे एक साधे घर आहे. हा इंग्रजांचा वाडा. चीन-हिंदुस्थानकडे जाण्याचा उत्तरेकडील समुद्रमार्ग शोधावा म्हणून १५५३ साली इंग्लंडहून तीन जहाजे निघाली. दोन जहाजांवरील माणसे बर्फात गारठून मेली. रिचर्ड चॅन्सलरचे तिसरे जहाज श्वेतसमुद्रात पोहोचले आणि तेथून तो मॉस्कोस आला. १५५५ मध्ये लंडनला 'मस्कोव्ही कंपनी' स्थापन झाली आणि चौथ्या इव्हानने तिला १५५६ साली हे घर दिले. भागभांडवल गोळा करून परदेशी व्यापार करणारी ही कंपनी म्हणजे १६०० साली निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीची थोरली बहीण. सुरतेच्या वखारीची गोष्ट आपण शाळेत शिकतो. तिच्या अर्धशतक आधीची ही वखार. रशियात मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. इंग्लंडमध्ये राजाचा शिरच्छेद झाल्याचे कळताच १६४९ साली झारने इंग्रज व्यापाऱ्यांच्या सवलती काढून घेतल्या आणि त्यांना मॉस्कोतून बाहेर काढले. वखार वखारच राहिली, राज्य झाली नाही. का, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात चर्चेस घेण्यासारखा आहे.

पण येथे मला सांगावयाचे आहे ते घराविषयी. इंग्रज गेल्यावर ते एका सरदाराकडे गेले, सरकारी कचेरी झाले, पीटर राजाच्या काळी तेथे अंकगणिताची शाळा भरली, मग व्यापाऱ्यांनी वापरले. प्रत्येकाने काही पाडले, काही वाढविले, गिलावा चढविला. शेवटी ते आजूबाजूच्या बांधकामात इतके मिसळून गेले की सोळाव्या शतकातील वखार येथे उभी आहे याची कोणास दादही नव्हती. शेजारची वस्ती पाडण्याचे काम चालू असता, १९६० नंतर, त्याच बारानोव्स्कींनी ते ओळखले. वरचे थर काढले तसे मूळ घर बाहेर आले. १९९४ साली तेथे संग्रहालय झाले आणि इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ त्या प्रसंगी उपस्थित होत्या. चौकातील दिमाखदार दरवाजा पाडला गेला, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांवर येत होता. हे घर वाचले, कारण त्यात कोणी ना कोणी राहात होते.

हा नियम आपल्या दाराशी ताडून पाहता येतो. ढोकीजवळच तेर आहे. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात ज्या 'तगर' नगरीचे नाव येते, जेथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई, ती हीच नगरी असे फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू अर्धगोलाकार, छप्पर गजपृष्ठाकार आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. विटांची इतकी जुनी इमारत महाराष्ट्रात क्वचितच उभी आहे. ती उभी राहिली याचे कारण पूजा थांबली नाही. देव बदलला तरी दिवा लागत राहिला. उलट ज्या नगरीत त्या काळचे व्यापारी राहात होते, ती पेठ मात्र पांढरीच्या टेकाडाखाली गेली. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून गाड्या भरभरून नेण्याची चाल मराठवाड्यात सर्वत्र आहे. त्या मातीबरोबर नाणी, मणी, खापरे, मातीच्या बाहुल्या शेतात पसरल्या. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्यांतून निवडून निवडून जे जमविले, त्यावर तेरचे संग्रहालय उभे आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेई येथे ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांत इतके साम्य आहे, की दोन्ही एका परंपरेतील कारागिरांच्या म्हणाव्यात. पाँपेईच्या राखेने जे राखले ते आमच्या पांढरीनेही राखले होते. पण लामतुरेंच्या दृष्टीस जे पडले नाही, ते ज्वारीच्या रानात गेले.

मॉस्कोतही गेलेल्या वस्तीची गोष्ट आहे. वार्वार्काच्या खालच्या बाजूस नदीपर्यंतच्या भागाला झार्याद्ये म्हणतात, म्हणजे 'दुकानांच्या रांगांपलीकडले'. येथे गरीब कारागिरांची दाट वस्ती होती. शिंपी, मोची, फेरीवाले. एकोणिसाव्या शतकात ज्यू कुटुंबेही बरीच होती. नव्या शहररचनेत ही वस्ती टप्प्याटप्प्याने पाडली गेली. तेथे गगनचुंबी सरकारी इमारत होणार होती; पायाभरणी झाली आणि १९५३ साली स्टालिन वारल्यावर ते काम सोडून देण्यात आले. त्या पायावर १९६४ ते १९६७ मध्ये 'रोस्सिया' हे तीन हजारांहून अधिक खोल्यांचे हॉटेल बांधले. युरोपात त्याहून मोठे हॉटेल त्या वेळी नव्हते. १९७७ साली तेथे आग लागून ४२ माणसे मृत्युमुखी पडली. २००६ मध्ये हॉटेल बंद झाले, मग तेही पाडले, आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्या जागी मोठे उद्यान खुले झाले. नदीवर अधांतरी पुढे आलेला एक पूल आहे. त्याच्या टोकावरून क्रेमलिन फार सुंदर दिसतो असे सर्वजण लिहितात. त्या पुलाखाली शिंप्यांच्या घरांचे काय होते, हे सांगणारे फारसे काही तेथे उभे नाही. कोपऱ्यात सोळाव्या शतकातील संत आनाचे एक छोटे देऊळ तेवढे सगळ्या उलथापालथीतून टिकले आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. मॉस्कोला गेलेल्या मराठी माणसाचे वर्णन वाचताना तो कोणत्या साली गेला होता हे आधी पाहावे लागते. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे पुस्तक आपल्या ग्रंथालयांत असतेच. अण्णाभाऊ मॉस्कोत होते तेव्हा इबेरियन दरवाजा नव्हता, कझान देवालय नव्हते, पेठेचा तट नव्हता; झार्याद्येत शिंप्यांची वस्ती गेलेली होती आणि हॉटेल अजून यावयाचे होते. म्हणजे एक शहर पुसले गेले आहे आणि दुसरे लिहिले गेले नाही, अशा मधल्या काळात वाटेगावचा हा शाहीर तेथे पोहोचला. आज जाणाऱ्या प्रवाशाला त्याच जागी दरवाजा, देवालय आणि उद्यान दिसेल, आणि अण्णाभाऊंनी हे कसे पाहिले नाही असे वाटेल. ते तेथे नव्हतेच.

फेरीच्या शेवटी पेठेच्या पूर्वेकडील मेट्रो स्थानकात उतरावे. तेथील भुयारी वाटेत वार्वार्का वेशीच्या बुरुजाचा पांढऱ्या दगडाचा पाया उघडा ठेवलेला आहे. १५३५ नंतर घातलेला, कधी न पाडलेला आणि म्हणून पुन्हा न बांधलेला. घाईने कामावर जाणारे उतारू त्याच्याशेजारून जातात. तेथून पूर्वेस थोड्या अंतरावर, यौझा नदीच्या पलीकडे, परदेशी वाङ्मयाचे मोठे सरकारी ग्रंथालय आहे. मार्गारिता रुदोमिनो या विदुषीचे नाव त्याला दिलेले आहे. या ग्रंथालयात सप्टेंबर २०२२ मध्ये अण्णाभाऊंच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला, तो गिरणगावाच्या चाळींत गाजला. १९६१ च्या दौऱ्यात ते शहरही त्यांनी पाहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शहराचे नाव बदलून वोल्गोग्राद करण्यात आले. आता नकाशात स्टालिनग्राड शोधू गेल्यास सापडत नाही, पोवाड्यात मात्र सापडते.